कपाटातली जुनी लेन्स आधी लावून बघा

अंबाजोगाईत आमच्या ओळखीतली तीन पोरं सध्या कॅमेरा घ्यायच्या तयारीत आहेत. तिघांनीही मला विचारलं, "दादा, बॉडी कोणती घ्यावी?" लेन्सचं नाव एकानंही काढलं नाही. बॉडीसोबत येईल ती लेन्स, आणि पुढं दोन-चार लग्नांची कामं मिळाली की मोठी लेन्स हप्त्यावर, असा तिघांचा हिशोब. सात वर्षांपूर्वी माझाही हाच हिशोब होता. चौदा महिने हप्ते फेडले. एवढं करून ती लेन्स वर्षातून आठ-दहा वेळाच पिशवीबाहेर यायची, कारण तिच्या वजनाचीही धास्ती आणि किमतीचीही.

त्याच सुमारास काकांचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ आम्ही रिकामा करत होतो. लाकडी कपाटात, निगेटिव्हच्या पाकिटांमागं दोन लेन्स निघाल्या. एक ५० एमएम एफ १.८ आणि दुसरी १३५ एमएम एफ २.८. (एमएम जितका जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो.) काका म्हणाले, "रीळ गेलं तसं यांचं काम संपलं. तुला लागत असल्या तर ने." लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी जोडकडी, म्हणजे साडेसातशे रुपयांचा अ‍ॅडॉप्टर आणून मी त्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवल्या. आज घरात भिंतीवर लावलेले आजीचे दोन्ही फोटो त्या १३५ नं काढलेले आहेत.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी लेन्सचं बोलतो. नुकताच कॅमेरा घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या माणसासाठी सगळं क्रमानं लिहितो. पैसे कुठं घालावेत, जुनी लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसते, घेताना काय तपासायचं, आणि तिच्याकडून काय मागायचं नाही, हे सगळं यात आहे.

१. आधी स्वतःचे फोटो उघडा

दुकानात जायच्या आधीचं हे काम आहे आणि याला एक रुपया लागत नाही. प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तो किती एमएमवर काढला, अ‍ॅपर्चर काय होतं (म्हणजे तो एफचा आकडा), शटर किती वेळ उघडं होतं आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) किती, हे सगळं लिहिलेलं असतं. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर फोटोच्या तपशिलात ते दिसतं. शेवटचे चारशे-पाचशे फोटो काढा. त्यांतले स्वतःला मनापासून आवडलेले पन्नास वेगळे करा आणि प्रत्येकाचा एमएम वहीत लिहा.

तुमच्याकडं १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम) असेल तर आकडे बहुतेक एका टोकाला गोळा झालेले दिसतील. सगळे १८ जवळ असतील, तर तुमची नजर रुंद दृश्याकडं आहे आणि जुन्या लेन्सचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. सगळे ५५ वर असतील आणि दर वेळी "अजून थोडं जवळ जाता आलं असतं" असं वाटत असेल, तर जुनी ८५, १०० किंवा १३५ तुमच्यासाठीच आहे. आकडे मधले आहेत पण संध्याकाळचे, घरातले फोटो हललेले येतात, अशी तक्रार असेल तर ३५ किंवा ५० एमएमची एफ १.८ लेन्स लागेल.

इथं एक गणित लक्षात ठेवा. आपल्याकडं सुरुवातीला घेतले जाणारे बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे रिळाच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचे असतात. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर एमएमला १.५ नं गुणायचं, कॅननच्या क्रॉप बॉडीवर १.६ नं. म्हणजे ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी दिसते. चेहऱ्यासाठी ते उत्तम आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत बारशाचे फोटो काढायला उभे राहिलात तर पाठ भिंतीला टेकते आणि निम्मी माणसं फ्रेमबाहेर राहतात.

खात्री करायची असेल तर किट लेन्सची झूमची कडी ३५ वर आणा, वर चिकटपट्टी लावा आणि आठ दिवस तशीच वापरा. पुढचे आठ दिवस ५० वर. जो आठवडा कमी अडचणीचा गेला, ती तुमची लेन्स.

२. काम आणि हौस यांचे पैसे वेगळे ठेवा

लग्नाचं काम करून पोट भरायचं असेल, तर फक्त जुन्या लेन्सवर विसंबू नका. हे मी स्पष्ट सांगतो, कारण याच ठिकाणी काही पोरांनी पहिलं काम बिघडवलेलं पाहिलं आहे. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो. अक्षता पडताना, हार घालताना, पाठवणीच्या वेळी हातानं फोकस फिरवत बसायला वेळ नसतो. तिथं ऑटोफोकस हवा, झूम हवी, आणि शक्यतो दोन कार्डं बसणारी बॉडी हवी, म्हणजे एक कार्ड गेलं तरी फोटो राहतात.

पण म्हणून ती लाखाच्या घरातली लेन्स विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. संभाजीनगर, पुणे, हैदराबादला लेन्स भाड्यानं मिळतात. मोसमात तुमची चारच लग्नं असतील तर भाडं आणि हप्ता यांचा हिशोब कागदावर मांडून बघा. भाड्यानं घेताना आधार कार्डाची प्रत आणि अनामत रक्कम लागते, काही जण सही केलेला चेकही मागतात. लेन्स हातात घेतानाच समोरच्या आणि मागच्या काचेचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी एकदा ते केलं नाही आणि आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे अनामतीतून कापले गेले.

हौसेसाठी, म्हणजे जत्रा, किल्ले, लेणी, शेतातली माणसं, घरातली लेकरं यांच्यासाठी जुनी लेन्स आहे. आणि लग्नातसुद्धा हळदीच्या दुपारी, नवरी निवांत बसलेली असताना, मी आजही ती १३५ लावतो.

३. कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसते

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

प्रत्येक लेन्स तिच्या बसण्याच्या कडीपासून ठरावीक अंतरावर चित्र पाडते. त्या अंतरावर फिल्म किंवा सेन्सर असेल तरच दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो. हे अंतर प्रत्येक माउंटचं (लेन्स बॉडीवर बसायच्या कडीच्या प्रकाराचं) वेगळं आहे :

- निकॉन एफ : ४६.५ एमएम
- ऑलिंपस ओएम : ४६ एमएम
- एम४२, पेंटॅक्स के आणि यशिका-काँटॅक्स : साधारण ४५.५ एमएम
- कॅनन ईएफ : ४४ एमएम
- मिनोल्टाची जुनी मॅन्युअल : ४३.५ एमएम
- कॅननची जुनी एफडी : ४२ एमएम
- मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७ आणि निकॉन झेड १६ एमएम

नियम सोपा आहे. लेन्सचं अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर मधली जागा अ‍ॅडॉप्टरच्या जाडीनं भरून काढता येते. कमी असेल तर भरून काढायला जागाच उरत नाही. मग जवळची वस्तू फोकस होते, पण लांबचं काहीच होत नाही.

यावरून तुमच्या बॉडीचं काय ते बघा.

कॅननचा डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) असेल तर एम४२, निकॉन, ऑलिंपस, पेंटॅक्स, यशिका या सगळ्यांच्या लेन्स साध्या अ‍ॅडॉप्टरनं बसतात. गंमत अशी की कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स बसत नाहीत, कारण १९८७ साली ईएफ माउंट आणताना कंपनीनं अंतर आणि माउंट दोन्ही बदललं. नाव एकच आहे म्हणून बसेल असं समजू नका. फुलफ्रेम (रिळाच्या चौकटीएवढ्या सेन्सरची) बॉडी असेल तर काही एम४२ लेन्सचा मागचा भाग आतल्या आरशाला घासतो. पहिल्यांदा फोकस सगळ्यात जवळच्या अंतरावर ठेवा आणि तिथून सावकाश पुढं न्या.

निकॉनचा डीएसएलआर असेल तर दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचा नाद सोडा. ४६.५ हे यादीतलं सगळ्यात मोठं अंतर आहे. एम४२ साठी आत काच असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण ती काच फोटोचा कस घालवते. निकॉनच्याच जुन्या लेन्स घ्या. एफ माउंट १९५९ पासून आजपर्यंत आकारानं तोच आहे, ही निकॉनवाल्यांची मोठी श्रीमंती आहे. मात्र त्यात तीन अटी आहेत. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटार नसते. त्यामुळं बॉडीतल्या मोटारीवर चालणाऱ्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हातानं करावा लागतो. त्या मोटारीसाठी डी७००० मालिका किंवा तिच्या वरची बॉडी हवी. पूर्ण मॅन्युअल लेन्स लावली तर छोट्या बॉडीवर उजेडाचं मोजमापही मिळत नाही. एम (सगळं हातानं ठरवायच्या) मोडवर ठेवून फोटो काढायचा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून दुरुस्त करायचा. आणि १९७७ मध्ये लेन्सच्या कडीची जागा बॉडीला कळवायची एआय पद्धत आली, त्याआधीच्या न सुधारलेल्या लेन्स डी७००० मालिकेवर जोर लावून बसवल्या तर माउंटजवळचा छोटा खटका मोडतो. लेन्सची अ‍ॅपर्चर कडी मागून नीट बघितल्याशिवाय लावू नका.

मिररलेस असेल तर वरच्या यादीतल्या जुन्या एसएलआर (आरशाच्या रीळ कॅमेऱ्यांच्या) लेन्स सगळ्याच बसतात. शिवाय बॉडीतच कंपन रोखायची सोय असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्सलाही ती लागू होते. निव्वळ जुन्या लेन्ससाठीच बॉडी घेणार असाल तर वापरलेली मिररलेस घ्या, असं मी म्हणेन.

आपल्या तालुक्याच्या गावांत जुन्या स्टुडिओवाल्यांकडं काय सापडतं? पेंटॅक्स, यशिका, निकॉन, आणि झेनिट कॅमेऱ्यासोबत आलेली रशियन हेलिओस ४४. ही ५८ एमएम एफ २ लेन्स झाइसच्या बायोटार या जर्मन रचनेवरून केलेली आहे. तिच्या फोटोत मागची झाडाची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात आणि त्यासाठीच आज लोक तिला शोधतात. त्या भोवऱ्याची हौस असेल तरच घ्या. साधा स्वच्छ चेहरा हवा असेल तर पेंटॅक्स किंवा निकॉनची ५० जास्त कामाची.

४. घेताना कशी तपासायची

मराठवाड्यात जुन्या लेन्सचा असा बाजार नाही. बंद झालेले स्टुडिओ हाच आपला खरा साठा. लातूर, परळी, परभणी, उदगीर, कुठंही एखादा जुना स्टुडिओवाला गाठा आणि शांतपणे विचारा. मोठा बाजार बघायचा असेल तर मुंबईच्या फोर्टमधला बोरा बाजार. नांदेड, परभणी, जालना किंवा संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

सोबत एवढं न्या : मोबाईल (टॉर्चसाठी), स्वतःची बॉडी आणि चार्ज केलेली बॅटरी, लागणारा अ‍ॅडॉप्टर, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मायक्रोफायबरचं कापड आणि एक पूर्ण पानांचं वर्तमानपत्र. अ‍ॅडॉप्टर आधीच घेऊन ठेवा. तो नसल्यामुळं "घरी जाऊन बघू" म्हणून घेतलेली एक लेन्स माझ्याकडं अजून पडून आहे.

मग या क्रमानं बघा.

आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूनं टॉर्च लावा आणि पुढून तिरप्या नजरेनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा बारीक मुळ्यांसारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. कडेला एखादी असेल तर फोटोत दिसणार नाही, पण ती वाढते आणि काचेवरचा लेप खाते. मधोमध असेल तर सोडून द्या, फुकट मिळाली तरी. सगळ्या काचेवर दुधासारखी साय दिसत असेल तर ती धूसरता आहे. अशा लेन्सचे फोटो फिके येतात. थोडी धूळ दिसली तर घाबरू नका. नव्या लेन्समध्येही टॉर्च मारल्यावर धूळ दिसते. समोरच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फारसा नडत नाही, मागच्या काचेवरचा मात्र नडतो.

मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. कडी फिरवताना ती चटकन उघडझाप झाली पाहिजेत. त्यांच्यावर तेलकट चमक असेल आणि हालचाल आळसावलेली असेल, तर आतलं ग्रीस पातळ होऊन उतरलंय. आपल्या भागात हे फार दिसतं. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं दुसरं काय होणार!

फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडं सारखी जड लागली पाहिजे. मध्येच अडकत असेल किंवा रेती घासल्यासारखा आवाज येत असेल तर आत धूळ गेली आहे. कानाजवळ धरून हळूच हलवा, काही सुटं वाजतंय का ऐका.

शेवटी वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा अगदी समोर, समांतर धरा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक आणि एफ ८ वर एक असे दोन फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. चारही कोपरे सारखेच मऊ (किंचित धूसर) असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे किंवा उघडून चुकीची जोडलेली आहे.

काच पिवळसर दिसली तर लगेच नाकारू नका. १९६० आणि ७० च्या दशकातल्या काही लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच वापरली जायची. पेंटॅक्सची सुपर ताकुमार ५० एमएम एफ १.४ हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. अशी काच काळानुसार पिवळी पडते. अतिनील प्रकाशाच्या एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवली की बराच पिवळेपणा जातो. काच किंचित किरणोत्सारी असते. कॅमेऱ्यावर लावून वापरायला हरकत नाही, पण ती काच फोडू किंवा घासू नये, आणि तिचं भिंग करून डोळ्याला लावू नये. उन्हात ठेवायची असेल तर मागच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. उघडी लेन्स सूर्यासमोर ठेवली तर ती भिंगासारखी आग लावते.

सेकंडहँड बॉडी घेणार असाल तर शटर किती वेळा पडलंय ते विचारा. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाखासाठी आणि मधल्या वर्गातल्या काही बॉडींचं दीड लाखासाठी तपासलेलं असतं. निकॉनच्या मूळ फोटो फाईलमध्ये हा आकडा सापडतो. विकणारा ती फाईल द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथंच थांबवा.

कागदपत्रांचं म्हणाल, तर मूळ बिल असेल तर ते घ्या. नसेल तर साध्या कागदावर लेन्सचं नाव, तिच्या अंगावरचा अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. पैसे शक्यतो यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. समोरासमोर तपासू न देता आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.

५. चढवल्यावर कॅमेरा चालत नाही, तेव्हा

लेन्स लावली, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, असा फोन मला दर दोन महिन्यांनी येतो. मॅन्युअल लेन्सचा बॉडीशी विजेचा संबंध नसतो, म्हणून बऱ्याच मिररलेस बॉडींना लेन्स लावलीच नाही असं वाटतं. मेनूमध्ये "लेन्सशिवाय शटर" अशा अर्थाची सेटिंग असते, ती चालू करा. बॉडीत कंपन रोखायची सोय असेल तर तिथं लेन्सचा एमएम हातानं भरा. ५० च्या जागी १३५ भरलेलं राहिलं तर उलट फोटो हलतात. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगानं दाखवायची सोय) चालू करा आणि एखाद्या बटणावर दृश्य मोठं करायची सोय ठेवा. निकॉनच्या डी७००० मालिकेत (डी७५०० सोडून) मॅन्युअल लेन्सचा एमएम आणि अ‍ॅपर्चर मेनूत नोंदवलं की उजेडाचं मोजमाप मिळतं.

६. आठ दिवस हातानं फोकस

पहिल्या दिवशी निम्मे फोटो धूसर येतील. ते येणारच. डीएसएलआरच्या खिडकीतून एफ १.८ ची बारीक खोली (फोकसमध्ये राहणारा अरुंद पट्टा) नीट दिसत नाही, म्हणून जे स्पष्ट वाटतं ते फोटोत स्पष्ट नसतं. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य) चालू करा, समोरच्याच्या डोळ्यावर दहापट मोठं करा आणि मग फिरवा.

सरावासाठी स्थिर वस्तू घ्या. मी आमच्याकडच्या हत्तीखाना लेण्यांत सकाळी जायचो. दगडी हत्ती हलत नाहीत. तिथं सोंडेवर फोकस, डोळ्यावर फोकस, मागच्या खांबावर फोकस, असं एकेक. चौथ्या-पाचव्या दिवशी कडी किती फिरवायची हे बोटांना कळायला लागतं.

मग आठवडी बाजार. तिथं वेगळी रीत वापरा. एफ ८ ठेवा, कडीवरच्या आकड्यांवर तीन मीटर लावा आणि फोकसला हातच लावू नका. २८ किंवा ३५ एमएमवर दोन-अडीच मीटरपासून चार-पाच मीटरपर्यंतचं सगळं चांगलं येतं. माणसं आपापल्या कामात असतात, तुम्ही फक्त योग्य अंतरावर जाऊन उभं राहायचं. जुन्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असतात ते यासाठीच. नव्या स्वस्त लेन्सवर ते आता दिसत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

७. जुनी लेन्स कुठं समाधान देते, कुठं नाही

एफ ५.६ ते एफ ८ वर चांगली जुनी ५०, १०० किंवा १३५ आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला पुरून उरते. बारा बाय अठरा इंचाच्या छापील फोटोत तुम्हाला नवी-जुनी ओळखता येणार नाही. पूर्ण उघडल्यावर मात्र फरक कळतो. जुनी थोडी मऊ येते, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी किनार येते आणि कॉन्ट्रास्ट कमी असतो. चेहऱ्यासाठी तो मऊपणा मला हवासा वाटतो. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये) काढा, कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो.

उजेड समोरून आला की जुनी लेन्स हरते. तिच्या काचेवरचा लेप साधा असतो, त्यामुळं समोर सूर्य असताना सगळा फोटो दुधाळ होतो. रबरी हूड लावा किंवा हातानं सावली धरा.

वेरूळ आणि अजिंठा ही आपली घरची परीक्षा आहे. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर जा. तिरपं ऊन आत शिरतं आणि १० व्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीपर्यंत उजेड पोचतो. तिथं जुनी ५० एमएम एफ १.८ सोनं आहे. पण १६ व्या लेण्यात, कैलासाच्या चौकात उभं राहिलात तर तीच लेन्स हतबल होते. सगळं एवढं जवळ आणि एवढं उंच की रुंद लेन्सशिवाय भागत नाही. आणि रुंद लेन्स जुनी घेऊ नका. २० ते २८ एमएमच्या लेन्स गेल्या काही दशकांत खूप सुधारल्या आहेत. साधी किट लेन्स १८ वर, एफ ८ ला, स्वस्तातल्या जुन्या रुंद लेन्सपेक्षा बरी. जुन्या स्वस्त झूमबद्दलही माझं हेच मत.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, रंग दीड-दोन हजार वर्षांचे आहेत. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उजेड इतका मंद की किट लेन्सच्या एफ ५.६ वर काही मिळत नाही. एफ १.८ किंवा २, आयएसओ ३२००, शटर १/३० च्या आसपास, कोपर पोटाशी घट्ट धरून श्वास रोखायचा आणि चार-पाच फोटो लागोपाठ काढायचे. एक तरी न हललेला निघतो. रॉबर्ट गिल हे ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४० च्या दशकापासून याच भिंतींसमोर वर्षानुवर्षं बसून चित्रांच्या नकला करत होते, पुढं त्यांनी इथं फोटोही काढले. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्या मंद उजेडात उभं राहिलं की मला दर वेळी ते आठवतं. जाताना वार बघा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ट्रायपॉडला आधी परवानगी लागते.

पक्ष्यांसाठी, म्हणजे पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर किंवा नायगावच्या मोरांसाठी, जुनी लेन्स घेऊ नका. उडणाऱ्या पक्ष्यामागं हातानं फोकस धरणारे कसलेले लोक आहेत, पण नवख्या माणसाचा त्यात नुसता हिरमोड होतो. उलट फुलं, किडे, कापसाच्या बोंडावरचं दव, यासाठी जुनी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नव्याइतकीच चांगली. तिथं फोकस तसाही हातानंच करतात.

८. ऊन, धूळ, पावसाळा

उन्हाळ्यात बंद गाडीत लेन्स ठेवू नका, वर सांगितलेलं ग्रीस याच उष्णतेनं उतरतं. काळ्या मातीची बारीक धूळ वाऱ्यावर असताना शेतात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर बॉडीचं तोंड खाली धरून, पाठ वाऱ्याकडं करून. काच पुसण्याआधी ब्लोअरनं हवा मारा. धोतराच्या सोग्यानं किंवा ओढणीनं पुसलेल्या काचेवर मातीचे कण ओरखडे काढतात.

पावसाळ्यात चामड्याच्या जुन्या केसमधून लेन्स आधी बाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांत मिळणारं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. बुरशी लागलेली लेन्स दुसरीसोबत त्याच डब्यात ठेवू नका.

९. पैसे कोणत्या क्रमानं घालावेत

माझा क्रम असा. वापरलेली पण तपासलेली बॉडी. मग ऑटोफोकसची एक ३५ किंवा ५० एमएम एफ १.८, ही नवी घ्यायलाही परवडते आणि अडीनडीला कामाला येते. मग एक जुनी १००-१३५. दोन चांगली मेमरी कार्डं आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवायला हार्डडिस्क. मजबूत ट्रायपॉड. त्यानंतर प्रवास. मोठी झूम यानंतर, आणि तीही चार-सहा वेळा भाड्यानं वापरून झाल्यावरच. नवं काहीही घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली अधिकृत वॉरंटी नसेल तर स्वस्ताईला भुलू नका. दुरुस्तीच्या वेळी केंद्रावर त्या वस्तूला कोणी हात लावत नाही.

या सगळ्यात छपाईसाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढा. आणि कुणा म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडून लेन्स घेतली असेल, तर तिनं काढलेला एक फोटो छापून त्यांना नेऊन द्या. मी आजीचा फोटो काकांकडं नेला होता. त्यांनी चष्मा वर केला, फोटो खिडकीकडं तिरपा धरला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "उजवा कोपरा मऊ आलाय. एफ ८ ला घ्यायचा होतास." मग फोटो भिंतीवर कुठं लावायचा ते दाखवायला उठले.